यादीतलं नववं कलम

एम.ए.ला कोणता विषय घेतलाय, असं सिरसाळ्यात कुणी विचारलं की माझी आई परस्पर 'मराठी' सांगून मोकळी व्हायची. मी चिडले की म्हणायची, "मंग काय सांगू? जगाचा कारभार शिकती म्हणून सांगू? लोक म्हणतील, आदी घरातला केर काढाय शिकव तिला."

विषयाचं खरं नाव होतं आंतरराष्ट्रीय संबंध आणि राजनय. राजनय म्हणजे मुत्सद्देगिरी. देशादेशांत बोलणी कशी होतात, करार कसे लिहितात, भांडण लढाईपर्यंत जाऊ न देता कसं मिटवतात, याचं शिक्षण. औरंगाबादच्या विद्यापीठात त्या वर्षी हा गट घेणारे आम्ही नऊ जण होतो आणि त्यात मुलगी मी एकटी. प्रवेशाच्या दिवशी खिडकीपलीकडच्या क्लार्कने माझा अर्ज पाहिला, गावाचं नाव पाहिलं आणि म्हणाला, "बीड जिल्हा? मग पंचायत राज घ्या की. तुमच्याकडं राजकारणाला काय तोटा आहे?" मी म्हटलं, "म्हणूनच नको." तेव्हापासून तो मला 'परराष्ट्रमंत्री' म्हणायला लागला. म्हणेना का. फीची पावती फाडताना त्याला माझं नाव नीट लिहावं लागायचं, तेवढं मला पुरे होतं.

हे खूळ डोक्यात कुठून शिरलं तेही सांगते. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सिरसाळ्याच्या बाजारात बी-बियाण्याचं दुकान होतं. ती वर्षंच अशी होती की दर हंगामाला फळीवर नवीन चकचकीत पाकीट यायचं, कुठल्या तरी नव्या कंपनीचं. बाजाराला आलेला माणूस ते उलटंसुलटं करून विचारायचा, "अप्पा, जगाचा कसला करार झालाय म्हणतेत. आता घरचं बी पेरलं तर धरून नेणार म्हणं. खरं हाय का?" अप्पा मला हाक मारायचे, कारण मी परळीला बी.ए.ला होते आणि पेपर वाचायचे. मला काडीची माहिती नसायची. एकदा आष्टीकडून आलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "ते लोक तिथं बसून ठरवतेत, तवा आपल्या बाजूनं कोण बोलतंय?" मी पाकिटावरचं चित्र बघत उभी राहिले. त्या गप्प राहण्याचा मला इतका राग आला की पुढची दोन वर्षं मी त्या रागाच्या जोरावर शिकले.

आमचे सर हळू आवाजात शिकवायचे. मागच्या बाकावर ऐकू आलं नाही तर 'पुढे या' म्हणायचे, आवाज चढवायचे नाहीत. एकदा त्यांनी विचारलं, "गावात चोरी झाली तर पोलीस येतो. देशांच्या वर पोलीस नाही. न्यायालय आहे, पण निकाल बजावायला बेलिफ नाही. मग देश करार का पाळतात?" मी घरून चार पानं लिहून नेली. सरांनी त्यावर लाल शाईने लिहिलं, 'हे पुस्तकाचं उत्तर. तुमचं?' माझं काही नव्हतं. मी ती वही ट्रंकेच्या तळाला घातली.

त्यांची दुसरी एक गोष्ट मात्र मला लगेच कळली. ते म्हणायचे, "परिषदेत मोठ्याने बोलणाऱ्याकडे सगळेच बघतात. तुम्ही मसुदा लिहायला कोण बसलंय ते बघत जा." हे मला शिकवावं लागलं नाही. आमच्या गावात कुठल्याही अर्जावर जो पेन धरतो त्याला आधी चहा मिळतो, हे मी लहानपणापासून पाहत होते.

वसतिगृहात एक गोष्ट मला खात होती. पहिल्या वर्षी आमच्या मजल्यावरच्या तिघी जणी, "लगीन हाय, परीक्षेला येते," असं सांगून गेल्या. एकही परत आली नाही. एकीच्या खाटेवर तिच्या वह्या, कंपासपेटी, कंगवा सगळं तसंच होतं. वॉर्डनबाईंनी वाट पाहिली, मग जून महिन्यात वह्या रद्दीत घातल्या. मी तेव्हाच ठरवलं होतं की माझ्या वह्या रद्दीत जाणार नाहीत. लग्नाला माझा विरोध नव्हता. पण आधी परीक्षा, मग मांडव. उलटं नाही.

स्थळ आलं ते दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत, धारूरचं. किल्ल्याच्या अंगाला मोठं घर, डोंगरउताराची शेती, बाजारात कापडाचं दुकान. मुलगा शेतकी शिकलेला. बघायला आला तेव्हा त्याने मला एकच प्रश्न विचारला, "औरंगाबादला मेसचं जेवण कसं असतंय?" आणि उत्तर नीट ऐकून घेतलं. तो मला आवडला नाही असं मी म्हणणार नाही. पण त्याचे वडील लहानपणीच गेलेले, आणि घरचा कारभार त्याच्या काकांच्या हातात होता. काका म्हणजे तालुक्यातलं वजनदार प्रस्थ. पांढरा सदरा, मोठा आवाज, आणि समोरचा बोलत असताना पान लावायची सवय.

मी अप्पांना सांगून ठेवलं होतं, "परीक्षेनंतर लग्न. हे आधी बोला." अप्पा म्हणाले, "बोलू की. बैठकीत बोलू." बैठकीत कुणीच बोललं नाही.

आमच्याकडे सोयरीक ठरली की यादी होते. दोन्हीकडचे पाच-पाच पंच समोरासमोर बसतात आणि कुणी काय करायचं ते कलमवार कागदावर उतरतं. लग्न कुणाच्या दारी, वऱ्हाड किती, मानाची लुगडी कुणाकुणाला, भांडी कोणती, दागिना कुणाकडून. एक प्रत त्यांना, एक आपल्याला. दहा पंचांच्या सह्या, कागदाला हळदकुंकू, मग सुपारी फुटते. हुंड्याचा आकडा मात्र कागदावर येत नाही, तो कायद्याला भिऊन तोंडी राहतो. सरांनी जुन्या तहांतली गुप्त कलमं शिकवली तेव्हा आम्हा नऊ जणांपैकी आठ जण चकित झाले होते. मी झाले नव्हते.

सिरसाळ्यात आमच्या समाजातल्या सगळ्या याद्या एकच गुरुजी लिहायचे. निवृत्त मास्तर, अक्षर वळणदार, आणि कुठल्या कलमानंतर कुठलं कलम येतं हे तोंडपाठ. पण त्या दिवाळीत त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. ते हिरवी पट्टी लावून बैठकीला आले आणि पेन हातात घेऊन खाली ठेवलं. "मला काय दिसंना बाबांनो." माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. आमच्या पंचांत गुरुजींशिवाय एक तेलघाणीचे मालक, एक जंगम स्वामी, अप्पांचे मामा, एक कापडवाले. सह्या सगळ्यांना यायच्या. कागदभर लिहायचं म्हटलं की सगळ्यांचे चष्मे घरी राहिलेले.

तेव्हा गुरुजीच म्हणाले, "अहो, लेकीलाच बोलवा की. माझ्याच हाताखाली शिकली. मी सांगतो, ती लिहील."

जिची यादी तिच्याच हातात पेन द्यायचं, हे त्या दहा जणांतल्या एकालाही वावगं वाटलं नाही. त्यांच्या लेखी मी लिहिणारी नव्हतेच, अक्षर होते. मी मधल्या दाराच्या आतल्या बाजूला बसले, समोर पाट, पाटावर दोन कोरे कागद आणि मध्ये कार्बन. गुरुजी बाहेरून सांगत होते, मी आतून लिहीत होते. साखरपुडा मुलीच्या दारी. लग्न मुलीच्या दारी. वऱ्हाड तीनशे पान. मंगळसूत्र वरपक्षाकडून. मानपानाची आठ लुगडी, बारा टोप्या. पितळी भांडी, लाकडी कपाट. आठवं कलम होतं, 'विवाहाची तारीख उभयपक्षांच्या सोयीने ठरेल.'

गुरुजी म्हणाले, "झालं. खाली सह्यांना जागा सोड."

मी अप्पांकडे पाहिलं. दारातून त्यांची फक्त पाठ दिसत होती. उभयपक्ष म्हणजे कोण हे मला चांगलं माहीत होतं. मी कागदावरून पेन उचललं नाही, तसंच पुढे चालवलं. अक्षर बिघडू दिलं नाही.

रिवाज असा की ज्याने लिहिलं त्याने वाचून दाखवायचं. मी उठून दारात उभी राहिले आणि वाचलं. आठ कलमं झाली. मग त्याच आवाजात, न थांबता: "कलम नऊ. वधू एम.ए.चे द्वितीय वर्ष औरंगाबाद येथे राहून पूर्ण करील व अंतिम परीक्षा दिल्यानंतरच विवाह होईल. पुढे वधूस नोकरी करावयाची झाल्यास वरपक्षाची हरकत राहणार नाही."

अप्पांची मान झटकन वळली. गुरुजींनी हिरव्या पट्टीखालून माझ्याकडे बघायचा प्रयत्न केला. "हे मी सांगितलं न्हाई," ते म्हणाले.

"मी लिहिलंय गुरुजी," मी म्हटलं.

अप्पा उठायलाच लागले होते. मी कागद छातीशी धरला. फाडायचा असेल तर हातातून ओढून घ्यावा लागेल, पाहुण्यांसमोर, हे मी त्यांना डोळ्यांनी सांगितलं. तेवढ्यात काका मोठ्याने हसले. "पोरगी लई शानी हाय हो! राहू द्या, राहू द्या. कागदावर काय जातंय?" आणि त्यांनीच सगळ्यांत आधी सही ठोकली. मग बाकीच्यांनी केल्या. आमच्या कापडवाल्या पंचाने तर कागद उलटा धरून केली. सुपारी फुटली, पेढे वाटले.

पाहुणे गेल्यावर अप्पा म्हणाले, "कावून केलंस असं? माझी लाज काढलीस."

"तुमी बोलणार होता," मी म्हटलं. "बोलला असता तर मला लिवावं लागलं नसतं."

आईने मला जेवायला वाढलं आणि दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. औरंगाबादला निघण्याआधी मी बाजारातल्या नव्या झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि यादीची प्रत काढून घेतली.

जानेवारीत वसतिगृहाच्या फोनवर अप्पा आले. मागून एस.टी.डी. बूथवरच्या माणसांचा गलका ऐकू येत होता. "तारीख धरलीया. फाल्गुनात. तू लवकर ये."

"परीक्षा एप्रिलात हाय अप्पा."

"उन्हाळ्यात निवडणूक हाय, धारूरचे काका उभे हायेत. त्याच्या आदी लगीन झालं तर चार गावं जेवून जातेत, असं त्यांचं म्हणणं हाय. परीक्षा काय, पुढच्या साली दे."

"आणि नववं कलम?"

"कसलं कलम?" अप्पा म्हणाले, आणि फोन कट झाला. बूथवरच्या यंत्रात वेळ संपली होती की त्यांनीच ठेवला, हे मी कधी विचारलं नाही.

माझं लग्न म्हणजे काकांच्या प्रचाराची पंगत, आणि त्यासाठी माझी दोन वर्षं पत्रावळीवर वाढायची! मी माजलगाववरून जाणारी एस.टी. धरली आणि दुपारी दुकानात उभी राहिले. अप्पांनी मला फार काही बोलू दिलं नाही. "पोरगी द्यायची म्हणल्यावर असा कागद धरून बसत्यात का?"

"मंग भांड्यांची कलमं पण सोडा," मी म्हटलं. "कपाट सुताराकडं टाकलंय ना तुमी? लुगडी घेतली ना? आठ कलमं पाळायची आणि नववं तेवढं पोरीनं लिवलंय म्हणून सोडायचं?"

गिऱ्हाईक ऐकत होतं. अप्पांनी मला घरी जायला सांगितलं. मी घरी गेले नाही, पंचांकडे गेले.

लग्न ठरलेली मुलगी एकटी बाजारातून दारोदार फिरते आहे, हे सिरसाळ्याने त्या दिवशी पोटभर पाहिलं. जंगम स्वामींनी पाणी दिलं आणि "बघू" म्हणाले. कापडवाले म्हणाले, "मी सही केली, पण वाचलं कुठं?" मी म्हटलं, "मी वाचून दाखवलं होतं." ते म्हणाले, "ऐकलं कुठं?" अप्पांचे मामा मला बघून मागच्या दाराने निघून गेले. पण गुरुजींची पट्टी निघाली होती. जाड भिंगाचा चष्मा लावून त्यांनी माझी झेरॉक्स उन्हात धरली आणि पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी नववं कलम वाचलं, अक्षर न् अक्षर. मग खाली स्वतःची सही पाहिली.

"तू चुकली होतीस," ते म्हणाले. "मी सांगितल्याबिगर लिवलंस, ही चूकच. पण तिथल्या तिथं वाचलंस, लपवलं न्हाईस. आणि मी सही केली. आता ते माझं बी हाय." त्यांनी आयुष्यात दीडदोनशे याद्या लिहिल्या असतील. एकीचंही कलम मोडलेलं त्यांनी खपवून घेतलं नव्हतं, मग ते टोपीचं असो की तांब्याचं. ते उठले, तेलघाणीवाल्यांना घेतलं, स्वामींना घेतलं, आणि दुकानात जाऊन अप्पांना म्हणाले, "चला धारूरला."

"मी पण येते," मी म्हटलं.

"लगनाच्या आदी सासरी?" तेलघाणीवाले म्हणाले.

"लग्नाला न्हाई चालले. करारासाठी चालले."

अप्पांना मला नेणं लाजिरवाणं वाटत होतं आणि न नेणं गुरुजींपुढे शक्य नव्हतं. आम्ही जीपने गेलो.  

काकांच्या बैठकीत त्यांच्याकडचे दोन पंच बसलेले होते. एक त्यांचे शेजारी, म्हातारे शेतकरी, आणि एक चुलतभाऊ. काकांची धाकटी मुलगी पाणी घेऊन आली. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. ती मला न्याहाळत तिथेच उभी राहिली, तिला कुणी आत जा म्हटलं नाही.

गुरुजींनी विषय काढला. काका पान लावत म्हणाले, "अहो गुरुजी, ती पोरीनं केलेली गंमत होती."

"गंमत असंल तर मंग सगळा कागदच गंमत," गुरुजी म्हणाले. "लुगडी बी गंमत."

काकांनी पान बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं. "बरं. तू मोठं जगाचं शिकतीस म्हणं. मंग सांग मला. म्या तुझं कलम न्हाई पाळलं तर काय करशील? पोलीस येतील? का फौज आणशील?"

चार पानं लिहूनही ज्याचं उत्तर मला सापडलं नव्हतं, तो सरांचाच प्रश्न हा माणूस पान बाजूला ठेवून विचारत होता.

"कुणी येणार न्हाई, काका," मी म्हटलं. "फौज न्हाई, कोर्ट न्हाई. तुमी मोडू शकता. पण उद्या तुमच्या घरातली लेक द्यायची वेळ आली की अशीच दहा माणसं बसतील. तुमी सही कराल, आणि समोरचा म्हणंल, यांच्या सहीचं काय, हे तर मोडतेत. मंग तुमाला प्रत्येक गोष्ट रोख मोजून घ्यावी लागंल आणि रोख मोजून द्यावी लागंल. तुमच्या शब्दावर कुणी थांबणार न्हाई. निवडणुकीत बी न्हाई."

अप्पांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता संपलं. पण काकांचे शेजारी, ते म्हातारे पंच, खाकरले. "भाऊ," ते काकांना म्हणाले, "माझ्या दोन नाती उजवायच्यात. माझी सही हाय तिथं. तुमच्या पंगतीपायी मला खोटं पाडू नका."

ते माझ्यासाठी बोलले नाहीत, मला ते ओळखतही नव्हते. ते स्वतःच्या सहीसाठी बोलले. आणि मला तिथे, त्या सतरंजीवर बसल्या बसल्या, जगातले निम्मे करार कळले.

काका मूर्ख नव्हते, तसे असते तर तालुका हातात राहिला नसता. त्यांनी कागद मागवला, त्यांची मूळ प्रत. बोट फिरवत खालपर्यंत आले आणि हसले. "ठीक हाय. परीक्षेनंतर लगीन. पाळतो मी. पण आता माझं ऐक. शिकून झाल्यावर तू म्हणालीस, मला न्हाई करायचं लगीन, मी चालले दिल्लीला, तर मी कुणाला धरू? इथं दहा सह्या हायेत. तुझी कुठं हाय?"

मी कागद पाहिला. अख्खा कागद माझ्या अक्षरात होता आणि माझी सही कुठेच नव्हती. लिहिताना सह्यांसाठी जागा मीच सोडली होती, पाच डावीकडे, पाच उजवीकडे. मसुदा लिहिणाऱ्याकडे बघा म्हणून शिकलेली मी, आणि स्वतःला जागा ठेवायची माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मला काकांचा नाही, माझाच राग आला.

"पेन द्या," मी म्हटलं.

"पोरी यादीवर सही करत न्हाईत," काकांचा चुलतभाऊ म्हणाला.

"करत नसतील. मी करते." गुरुजींनी खिशातलं पेन काढून दिलं. दहा सह्यांच्या खाली, मध्यावर, मी पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि खाली 'वधू'. त्यांच्या प्रतीवर, आणि अप्पांनी सोबत आणलेल्या आमच्या प्रतीवरही. "आता मलाबी धरा," मी म्हटलं. "मी मोडलं तर तुमच्या पाची पंचांना घेऊन सिरसाळ्याला या."

परतताना जीपमध्ये अप्पा माझ्या शेजारी बसले. घाट उतरल्यावर म्हणाले, "मी बैठकीत बोलाय पाहिजे होतं." मी हो म्हटलं. त्यांना बरं वाटावं म्हणून 'तसं काही नाही' म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

एप्रिलमध्ये मी परीक्षा दिली, सगळे पेपर, औरंगाबादच्या उन्हात. लग्न वैशाखात झालं. चार गावं जेवली नाहीत, निवडणूक होऊन गेली होती, आणि काका माझ्या पंगतीशिवायही निवडून आले होते. धारूरच्या लोकांनी मला वर्षभर 'कलमवाली' म्हटलं. मी अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात शिकवायला लागले तेव्हा सासूबाईंनी तोंड वाकडं केलं, आणि नवऱ्याने कलमाचा दुसरा भाग वाचून दाखवला. शांतपणे, मेसच्या जेवणाबद्दल विचारलं होतं तसंच.

दोन वर्षांनी काकांच्या त्या धाकट्या मुलीची सोयरीक जमली. ती तेव्हा बी.ए. झाली होती आणि वकिलीचा फॉर्म आणून बसली होती. बैठक आमच्याच घरी. लिहायला कुणाला बसवायचं हा प्रश्नच आला नाही. काका मला म्हणाले, "सूनबाई, तूच बस. पण मी सांगतो तेवढंच लिव."

"तेवढंच लिहिते," मी म्हटलं. "पण खाली तिच्या सहीला जागा ठेवणार. आणि पहिली सही तिची, मग पंचांच्या."

काकांनी क्षणभर विचार केला. "तुझी झाली हुती. हिची बी होऊ दे."

मी त्यांनी सांगितलं तेवढंच लिहिलं. सात कलमं. तिच्या वकिलीबद्दल एक अक्षर नव्हतं, आणि मी घातलं नाही. तो मसुदा माझा नव्हता. वाचून दाखवलं, कागद फिरवून तिच्यापुढे ठेवला आणि पेन दिलं. समोर पाहुण्यांचे पाच, आमचे पाच, ताटात सुपारी. माझा नवरा आमच्या पंचांत बसला होता.

ती कागदावर वाकली. तिने सगळं पुन्हा एकदा मनात वाचलं, सावकाश. मग पेनाचं टोपण लावलं आणि पेन कागदावर आडवं ठेवलं.

"मला हे मान्य न्हाई," ती म्हणाली.

कुणी तरी "अगं" म्हणालं. पाहुण्यांतला एक जण चप्पल शोधायला लागला. काकांचा चेहरा लाल झाला होता. ते तिच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना काय म्हणायचंय ते मला कळत होतं. मी नजर वळवली नाही. तो कागद बाजूला सारला, कार्बन काढला, दोन नवे कोरे कागद जुळवून मध्ये घातला, आणि तिला विचारलं, "सांग. काय लिहू?"